पिवळी बंडी

कानाझावा, १९ जानेवारी

प्रिय चिहाया,

पत्राची सुरुवात थंडीच्या विचारपुशीने करायची असते. ती मी सोडते. नागोयात किती थंडी आहे ते टीव्हीवर सांगतात, आणि तू उत्तर देणार नाहीस हे मला माहीत आहे. आधीची दोन पत्रं तू उघडलीस की तशीच कचऱ्यात टाकलीस, तेही मी विचारत नाही.

एक बातमी कळवायची आहे. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात मी स्की करायला काराकुराला जाते आहे. हसू नकोस. तुझे बाबा आणि मी लग्नाआधी ऑफिसच्या बसने तिथेच जायचो आणि उतारावर ते नेहमी माझ्या मागे असायचे. या वेळी एक गट आहे, आम्ही सात जण. त्यांतल्या काहींना नीट दिसत नाही. त्यांना उतारावर सोबत लागते, म्हणून मला बोलावलं आहे. जुनी सवय आहे, उपयोगी पडेन.

माझे डोळे ठीक आहेत. दिवसभर दुकानात शिवण टिपून जरा थकतात, इतकंच. परवाच एका किमोनोचा काठ उसवून पुन्हा घातला, सुईत दोरा पहिल्या फटक्यात गेला. हे मुद्दाम लिहिते आहे, कारण मागच्या मे महिन्यात दवाखान्याच्या दारात तू मला विचारलं होतंस, "आई, तुला दिसत होतं ना?" आणि मी म्हटलं होतं, "डोळे माझे आहेत, मला विचारतेस?" त्यानंतर तू माझ्याशी बोललेली नाहीस. आठ महिने होत आले.

गाडी भिंतीवर गेली ती गेली. माझ्या नातीच्या, इबुकीच्या गळ्याचं हाड मोडलं, याचं मला वाईट वाटत नाही असं तुला वाटत असेल तर तू मला ओळखत नाहीस. पण काय झालं ते मी तेव्हाच सांगितलं होतं. सात वर्षांची पोर, गाडीत कधी काय करेल सांगता येत नाही. त्यात तिला दोष द्यायचा नाही, मलाही नाही.

हाड पुरतं सांधलं असेल. तिला पोहायला पाठव, खांदा मोकळा होतो.

तुझी आई

काराकुरा, ६ फेब्रुवारी, दुपार

चिहाया,

वारा इतका आहे की वरची लिफ्ट बंद केली आहे. सगळे खोलीत पाय शेकत बसलेत. मी खिडकीशी बसून लिहिते आहे.

मागच्या पत्रात एक गोष्ट खोटी लिहिली. मी इथे कोणाची सोबत म्हणून आलेले नाही. मला सोबत लागते, म्हणून आले आहे.

गटात चौघांना दिसत नाही आणि तिघे वाट दाखवणारे. त्या चौघांतली चौथी मी. मला अगदीच दिसत नाही असं नाही. समोरचं स्वच्छ दिसतं, डॉक्टरांच्या तक्त्यावरची शेवटची ओळ मी आजही वाचते. बाजूचं गेलं आहे. पुंगळीतून पाहिल्यासारखं आहे. सुईचं नाक दिसतं, पण शेजारी येऊन उभा राहिलेला माणूस बोलेपर्यंत कळत नाही.

नियम असा की ज्यांना दिसत नाही त्यांनी अंगात पिवळी बंडी घालायची. पाठीवर हाताच्या पंजाएवढी अक्षरं: "दिसत नाही". म्हणजे इतर लोक लांबून जातात. माझी वाट दाखवणारे तोकिता-सान, वय अडुसष्ट, तीस वर्षं याच डोंगरावर लिफ्ट चालवत होते. बोलणं म्हणजे खिळे ठोकल्यासारखं. सकाळी त्यांनी बंडी पुढे केली.

मी म्हटलं, "मला याची गरज नाही. मी समोरचं बघते."

"समोरून कोणी आदळत नाही हो. बाजूनेच येतात."

"मी या उतारावर तुमच्या आधीपासून येते आहे."

"असेल. पण आता माझ्या आवाजावर यायचं. घाला."

घातली. आणि खरं सांगते, इतकं उघडं मला कधी वाटलं नव्हतं. लिफ्टच्या रांगेत मागची दोन पोरं ते वाचत होती. मोठ्याने वाचत होती. इथली खानावळवाली बाई मला तरुणपणापासून ओळखते. तिने पाठीवरचं वाचलं आणि सूप आणून दिलं ते एकदम हळू आवाजात बोलत, जणू मी आजारी आहे.

तोकिता-सान मागून येतात आणि ओरडतात. "डावीकडे... डावीकडे... सोडा. आता उजवीकडे... थांबा." मला राग येतो, कारण ते वळायला सांगतात तिथे मला वळायचं कारण दिसत नसतं. आणि दर वेळी कारण असतं.

गटात साकाए-सान म्हणून आहेत. सत्तर वर्षांच्या, जन्मापासून दिसत नाही. चाळीस वर्षं लोकांची अंगं रगडून पोट भरलं. मला पहिल्याच जेवणाला म्हणाल्या, "तू नवीन दिसतेस."

"तुम्हाला कसं दिसलं?"

"वाटी उचलायच्या आधी ताटाला हात लावून बघत नाहीस. अजून दिसतंय असं दाखवतेस. आणि भात सांडतेस."

सांडला होता. उचलून खाल्ला.

आई

काराकुरा, ७ फेब्रुवारी, संध्याकाळ

चिहाया,

आज मी एका माणसाला पाडलं.

सकाळी ऊन होतं. वरच्या लिफ्टपाशी तोकिता-सान दुसऱ्या कोणाचा तरी बूट घट्ट करायला वाकले होते. मी बंडी काढली, घडी करून जाकिटात खुपसली आणि एकटीच निघाले. एकदाच, मला वाटलं. एकदा फक्त आपल्या मनाने खाली जावं. बर्फ कोरडा होता, गुडघे अजून जुनी वळणं विसरले नव्हते. पहिली शंभर पावलं मी पुन्हा चोवीस वर्षांची होते. तुझे बाबा मागे आहेत असंही वाटलं.

मग डावीकडून काहीतरी माझ्यावर आलं. मला तसं वाटलं. खरं म्हणजे मीच कोणाच्या तरी अंगावर गेले होते. दोघी गडगडत खाली गेलो. डोकं वर काढलं तर समोर पिवळी बंडी. साकाए-सान. त्यांचं मनगट विचित्र वाकलं होतं. त्यांची वाट दाखवणारी मुलगी रडकुंडीला आली होती, "मी ओरडले हो, मी थांबा थांबा ओरडले."

आणि चिहाया, माझ्या तोंडून पहिलं वाक्य काय निघालं असेल? कोणी विचारलंही नव्हतं. मी म्हटलं, "त्या एकदम मध्ये आल्या. एकदम वळल्या माझ्यावर."

साकाए-सान बर्फात बसल्या होत्या. आवाज जराही चढवला नाही. म्हणाल्या, "मला दिसत नाही, पण ऐकू येतं. मी सरळ जात होते."

तोकिता-सान येऊन पोचले होते. माझं ते वाक्य मी स्वतः ऐकलं. ते मी आधीही ऐकलं होतं. मागच्या मेमध्ये, माझ्याच आवाजात.

बचाव पथकाने साकाए-सानना घसरगाडीवरून खाली नेलं. गावातल्या डॉक्टरने सांगितलं, मोडलं नाही, मुरगळलंय. तीन आठवडे पट्टी. म्हणजे यंदाचा त्यांचा मोसम संपला. वर्षातून हे चार दिवसच येतात त्या.

मी माफी मागायला गेले तेव्हा त्या झोपायच्या चटईवर बसून डाव्या हाताने संत्रं सोलत होत्या. मी जमिनीला कपाळ टेकलं.

"कपाळ टेकलंस का? आवाज आला," त्या म्हणाल्या. "ठीक आहे. आता माझी पाठ कोण घासणार? हात ओला करायचा नाही म्हणालेत."

मी त्यांना गरम झऱ्यावर घेऊन गेले. खरं तर त्यांनीच मला नेलं, पायऱ्या त्यांना पाठ आहेत. पाठ घासताना त्यांनी विचारलं, "असं आधी कोणाला केलंस?"

"काय?"

"धडकायचं आणि वर त्याचंच नाव घ्यायचं. फार पटकन आलं तोंडातून. सवयीचं असल्यासारखं."

मी पाणी ओतत राहिले. मग सांगितलं. सगळं. बाहेर आल्यावर त्या टॉवेल डोक्याला गुंडाळत म्हणाल्या, "मला सांगून काय उपयोग? मी का त्या गाडीत होते?"

उद्या सकाळी लिहिते. मला हे नीट अक्षरात लिहायचं आहे.

आई

काराकुरा, ८ फेब्रुवारी, सकाळी सहा

चिहाया,

हे पत्र दोनदा वाच.

इबुकीने माझा हात ओढला नाही. तिने सीटचा पट्टा सोडला नव्हता. ती चाळे करत नव्हती. तिचे दोन्ही हात मांडीवर होते, त्यात बागेतून उचललेली पाइनची बोंडं होती.

पोस्टाच्या कोपऱ्यावर मी डावीकडे वळत होते. डावीकडून सायकलवर एक बाई येत होती. मला ती दिसली नाही. इबुकीला दिसली. ती म्हणाली, "आजी, सायकल." मी म्हटलं, "कुठे?" ती पुन्हा मोठ्याने म्हणाली, "आजी, सायकल." तेव्हा मी चाक उलटं फिरवलं आणि गाडी भिंतीवर गेली. ती बाई आज जिवंत आहे ती तुझ्या मुलीमुळे. आणि मी पोलिसांना, तुला, तुझ्या नवऱ्याला आणि गिफूच्या तुझ्या सासऱ्यांना सांगितलं की पोरीने किंचाळून माझी बाही ओढली.

डॉक्टरांनी त्याच्या दोन वर्षं आधी मला सांगितलं होतं की गाडी चालवायची नाही. तो कागद दुकानातल्या बटणांच्या खणात आहे. दुकान लांब, सामान जड, तुझे बाबा नाहीत, अशी कारणं मी स्वतःला रोज सांगत होते. एकही कारण इबुकीला शेजारी बसवण्याइतकं मोठं नव्हतं.

मी खोटं का बोलले? त्या क्षणी मला भिंतीची भीती वाटली नाही, पोरीचं रडणंही मला नंतर ऐकू आलं. आधी मनात आलं, आता कळणार सगळ्यांना. ते कळू नये म्हणून जे जवळ होतं ते पुढे केलं. जवळ इबुकी होती.

माफ कर असं मी लिहीत नाही. ते तू ठरवशील आणि माफ केलं नाहीस तरी मी पुढचं करणार आहे. परत गेल्यावर गाडीचा परवाना जमा करीन. पोलीस चौकीत जाऊन जबाब बदलीन, त्याचं काय व्हायचं ते होवो. आणि इबुकीला तिच्या तोंडावर खरं सांगीन. ते पत्राने होणार नाही. तू दार उघडलंस तर घरात, नाही तर तू म्हणशील तिथे. शाळेच्या फाटकावर मी अशीच जाऊन उभी राहणार नाही, घाबरू नकोस. पण विचारत राहीन. दर आठवड्याला विचारीन.

त्याच दिवशी, दुपारी

पत्र अजून टाकलेलं नाही, म्हणून खाली जोडते.

नाश्त्याला साकाए-सान म्हणाल्या, "आज शेवटचा दिवस. वरच्या टोकापासून खालपर्यंत जा. पूर्ण उतार."

मला डोंगराकडे बघायचीही इच्छा नव्हती. म्हटलं, "तुमचा मोसम मी घालवला. मी कशी जाऊ?"

"म्हणूनच जा. माझ्या वाटचीही वळणं घे, मी ऐकणार आहे. खाली बाकावर बसते. आणि तोकिता-सान, हिला नीट वळवत आणा. वळणं ऐकू आली पाहिजेत."

बंडी मी स्वतः घातली. तोकिता-साननी पाठीवरची घडी हाताने सरळ केली. लिफ्टमध्ये मी त्यांना म्हटलं, "काल मी पळून गेले, त्याबद्दल रागवा तरी."

"रागावता रागावता तीस वर्षं गेली. लोक ऐकत नाहीत. आवाज ऐकाल का तेवढं सांगा."

"ऐकीन."

वरून गाव दिसलं, पुंगळीतून एका वेळी दोन छपरं. मग त्यांचा आवाज. "डावीकडे." मी विचारलं नाही का. "धरून ठेवा... धरून ठेवा... सोडा. उजवीकडे." एका जागी ते म्हणाले, "थांबा", मी जागच्या जागी थांबले आणि माझ्या डाव्या खांद्यापासून हातभर अंतरावरून दहा-बारा पोरांची रांग सुळकन गेली. मला एकही दिसलं नव्हतं. मी तिथे उभी राहून त्यांचा वारा अंगावर घेतला. पुढे निघायला थोडा वेळ लागला. तोकिता-सान थांबले, घाई केली नाही.

सगळा उतार पंचवीस मिनिटांत. खाली साकाए-सान म्हणाल्या, "मधे एकदा फार वेळ थांबलीस."

"हो."

"शेवटची चार वळणं बरी होती. पहिली सगळी दगड."

मी जेवायला बसले तेव्हा वाटी उचलायच्या आधी हात लावून पाहिली.

आई

कानाझावा, २२ फेब्रुवारी

चिहाया,

तुझं कार्ड मिळालं. "७ मार्च, शनिवार, दुपारी दोन. इबुकी घरी असेल. मीही." एवढंच लिहिलंस. मी ते दुकानाच्या आरशावर लावलं आहे.

परवाना जमा केला. खिडकीतल्या बाईने रीतसर आभार मानले आणि बदल्यात एक कार्ड दिलं, त्याच्यावर बसमध्ये सवलत मिळते. चौकीतही जाऊन आले. पूर्वीचा अधिकारी बदलून गेला आहे. नवा तरुण आहे. त्याने सगळं लिहून घेतलं, मग पेन खाली ठेवून विचारलं, "आजी, हे तुम्ही आत्ता का सांगताय? प्रकरण तर मिटलं होतं."

मी म्हटलं, "माझ्या नातीचं मिटलेलं नाही."

दंड होऊ शकतो, बोलावणं येऊ शकतं असं म्हणाला. येऊ दे.

पांढरी काठी घेतली आहे. गल्लीत लोक बघतात. ती वापरायला एक बाई शिकवते, मंगळवारी आणि शुक्रवारी. नागोयाला त्सुरुगाला गाडी बदलून येईन, स्टेशनवर घ्यायला येऊ नकोस. मला एकटीने यायचं आहे.

आई

कानाझावा, ८ मार्च

चिहाया,

काल निघताना तू काही बोलली नाहीस आणि मीही नाही. म्हणून लिहिते. काल काय झालं ते तू पाहिलंसच, पण तू चहा करायला गेलीस तेवढ्यात जे झालं ते तुला माहीत नाही.

तू आत गेलीस आणि इबुकी माझ्यासमोर बसली. उंच झाली आहे. मी ठरवून आलेली वाक्यं होती, ती सगळी गेली. मी म्हटलं, "इबुकी, तू माझा हात ओढला नव्हतास. तू मला सायकल आहे म्हणून सांगितलंस. दोनदा. मला दिसली नाही. मी खोटं बोलले."

ती हळूच म्हणाली, "म्हणजे मी नव्हतं ओढलं?"

"नाही."

"मला आठवत होतं की नव्हतं ओढलं. पण सगळे म्हणत होते ना. मग मला वाटलं, ओढलं असेल आणि मी विसरले असेन."

चिहाया, गळ्याचं हाड दोन महिन्यांत सांधलं. आणि हे मी दहा महिने मोडलेलंच ठेवलं होतं. डोळ्यांबद्दल मला कधी रडू आलं नव्हतं, काल आलं. तिने बघितलं आणि कागदी रुमालाचा डबा माझ्यापुढे सरकवला. डाव्या बाजूने सरकवला, मला दिसला नाही, म्हणून मग हातात आणून दिला.

मग तू चहा घेऊन आलीस आणि ती तुला म्हणाली, "आजी, परत सांग. आईसमोर." ते तू ऐकलंस. मी परत सांगितलं. तिने पुन्हा म्हटलं, "परत." तिसऱ्यांदा सांगताना तू खिडकीकडे तोंड करून उभी होतीस. तू रडत होतीस की रागात होतीस, मला कळलं नाही. दोन्ही चालेल.

दाराशी बूट घालताना तिने माझ्या कानात सांगितलं, "गिफूच्या आजोबांना पण सांगशील? ते मला अजून हातओढी म्हणतात. गमतीत म्हणतात. पण म्हणतात."

तुझे सासरे कसे आहेत ते मला माहीत आहे. अपघातानंतर त्यांनीच मला धीर दिला होता, "मुलं असतातच अशी" म्हणून. पुढच्या रविवारी मी त्यांच्याकडे जाते आहे. फोन करून वेळ घेतली आहे. तू मध्ये पडू नकोस, त्यांना आधी काही सांगू नकोस. ते माझ्याच तोंडून गेलं पाहिजे.

आई

गिफू, स्टेशनवरची खानावळ, १५ मार्च

चिहाया,

सांगून झालं.

तुझ्या सासऱ्यांनी मला बैठकीत बसवलं, सासूबाईंनी गोड बोरकुटासारखं काहीतरी समोर ठेवलं. मी त्याला हात लावला नाही. आधी बोलले. ते मान खाली घालून ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, "मिनेको-सान, दहा महिने आम्ही त्या पोरीची थट्टा करतोय."

"हो. माझ्यामुळे."

"नववर्षाला सगळे पाहुणे जमले होते. त्यांच्यासमोर मी तिला म्हटलं, हिला गाडीत मागे बसवा, ही हात ओढते. सगळे हसले. ती पण हसली."

मग त्यांना राग आला, आणि तो खरा राग होता. असं कोणी करतं का, म्हणाले, आपल्याच नातीला. सासूबाई त्यांना आवरायला लागल्या. मी म्हटलं, "आवरू नका, बरोबर बोलताहेत." मी बसून सगळं ऐकलं. उठून जायचं मनात आलं नाही.

ओरडून झाल्यावर ते उठले, फोन घेऊन परत आले आणि माझ्यासमोरच तुझ्या घरी फोन लावला. तूच उचलला असशील. त्यांनी इबुकीला बोलावलं. पाठ ताठ करून बसले, एखाद्या मोठ्या माणसाशी बोलावं तसे, आणि म्हणाले, "इबुकी, आजोबा चुकले. तू काही ओढलं नव्हतंस." तिकडून ती काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. ते "हो" म्हणाले. मग पुन्हा "हो". मग म्हणाले, "नाही, आता कधीच नाही म्हणणार. पाहुण्यांनाही सांगतो. एकेकाला सांगतो."

मला त्यांनी स्टेशनपर्यंत सोडायला येतो असं म्हटलं नाही. ते बरोबर आहे. मी विचारत विचारत आले.

तू अजून माझ्याशी बोलत नाहीस, आणि बोलावंस म्हणून मी हे करत नाही. पण इबुकीला एक विचार. शाळेत, शेजारी, बाईंना, पोहण्याच्या वर्गात, अजून कोणाकोणाला वाटतं की तिने हात ओढला? नावं लिहून पाठव. मी एकेकाकडे जाईन.

तुझी आई